मोहरीएवढं नाणं

सोनवली संस्थानच्या राजेसाहेबांना देशोदेशीची नाणी जमवायचा नाद होता. त्यातलं परातीएवढं तांब्याचं आणि मोहरीएवढं सोन्याचं नाणं त्यांचं फार लाडकं. पाहुणा आला की नाणेखान्याचे कारभारी गोविंदपंत केळशीकर यांनी दोन्ही मांडायची. या मांडामांडीला पंत पुरते विटले होते.

एका दुपारी राजेसाहेबांनी पाहुण्यांसमोर ओणवून, तबकाला नाक लागेल इतक्या जवळून ते बारकं नाणं न्याहाळलं. मान वर करतात तर तबक रिकामं.

गालिचे झटकले, कोपरे धुंडाळले, नाणं मिळेना. राजेसाहेब संतापले. "पंत, हा तुमचा निष्काळजीपणा. नाणं सापडलं नाही तर उद्यापासून येऊ नका. आता ते शेवटी ज्याच्या जवळ होतं, त्याची आधी झडती घ्या. मग तो कितीही मोठा असो."

"ही आज्ञाच ना, सरकार?"

"आज्ञाच."

पंतांनी थकलेला सुस्कारा सोडला. "मग सरकारांनी जरा मिशा झटकाव्यात."

राजेसाहेबांनी तेल लावलेल्या मिशांवरून हात फिरवला, तसं तबकात काहीतरी टिचकन पडलं.

पंतांची नोकरी राहिली. पुढे पाहुण्यांना फक्त परातीएवढं नाणं दाखवायचं ठरलं, आणि तेही पंतांनाच उचलून आणावं लागे.