शेवटचे कडवे

फार दूर, स्पेन देशाच्या डोंगराळ मुलखात, एकदा एक वृद्ध गायक आपला शिष्य आणि एक खेचर घेऊन लोहारांच्या वस्तीत आला. जुनी कथागीते गिटारीवर गात गावोगाव हिंडणे हा त्याचा व्यवसाय. शिष्याकडून एक शब्द इकडचा तिकडे झाला, तरी तो छडी उगारी.

त्या दिवशी वस्तीत एका बाळाचे बारसे होते. आई सावळी, बाप सावळा आणि बाळ मात्र दुधासारखे पांढरे. लोकांना काय, आयता विषय मिळाला. ज्याचे जळते त्यालाच कळते. लोहार बाप आठवडाभर भात्यापाशी मुका बसून होता.

वस्तीची एक विचित्र रीत होती. नवरा बायकोवर तोंडाने आळ घेत नसे. तो बारशाच्या पंगतीत गायकाला गोऱ्या बाळाचे गीत गायला सांगे. त्या गीतातला नवरा हलक्या कानाचा. शेवटच्या कडव्यात तो बायकोला बाळासकट बर्फात हाकलतो. गीत संपले की यजमानाने आपले दार उघडायचे आणि बायकोने निमूट चालते व्हायचे. गायकाला नाही म्हणण्याची मुभा नव्हती.

जेवणे होत आली, तसा लोहार म्हणाला, "बाबा, गोऱ्या बाळाचं गाणं म्हणा."

"बाळाला टोपरं तेवढं घालू द्या," एवढेच त्याची बायको बोलली.

वृद्ध गाऊ लागला. स्वर असा लागला की बायका डोळे पुसू लागल्या, लोहारही मान डोलावू लागला. मात्र शेवटच्या कडव्यापाशी वृद्धाची बोटे थांबली आणि तो लोहाराकडे वळला.

"पुढचं आठवत नाही रे. वय झालं. तू लहानपणापासून ऐकतोस, तूच म्हण. मी साथ करतो."

लोहाराने घसा खाकरला. "चालती हो माझ्या घरातून..." एवढी ओळ त्याने म्हटली. समोर बायको टोपऱ्याचे बंद बांधत होती. गाठ पुन्हा पुन्हा सुटत होती. त्याने तीच ओळ पुन्हा धरली आणि आवाज फुटेना. तो उठून दाराशी गेला. दार किलकिले होते. त्याने ते लावून घेतले आणि कडी घातली.

"वारा आत येतोय," तो म्हणाला. "आण इकडे त्याला. तुला नाही जमत ती गाठ."

ती हुंदके देऊन रडली. पंगतीचा जीव भांड्यात पडला आणि एका म्हाताऱ्याने आणखी रस्सा मागितला.

नंतर अंगणात शिष्याने विचारले, "गुरुजी, आपण कडवे खरेच विसरलात?"

"नाही रे," वृद्ध म्हणाला. "संशय त्याचा होता, पण शिक्षा माझ्या तोंडून व्हावी अशी त्याची इच्छा होती. दुसऱ्याने गायिलेले क्रौर्य माणसाला गोड लागते. तो डोळेही पुसतो. तेच स्वतःच्या जिभेवर घ्यायचे म्हटले, की ते किती जड आहे हे त्याला कळते."

"आणि त्याने गायिले असते तर?"

"तर तिला बर्फात पायी जाऊ दिले नसते. माझा गाण्यावर विश्वास आहे, पण आपल्या खेचराचे खोगीर मी अजून उतरवलेले नाही."

शिष्य उठला आणि खोगीर उतरवायला गेला.