पास्कूला काय बघायचं होतं

समुद्राकाठच्या एका गावात जासिंता राहायची. वडील नव्हते. आई दुसऱ्यांच्या वाडीत मोगऱ्याच्या कळ्या खुडायची. धाकटा भाऊ पास्कू जन्मापासून आंधळा होता. पेज असली तर मीठ नसे, असं ते घर.

एकदा सणाच्या सकाळी जासिंता वेदीसाठी फुलं आणायला चर्चच्या बागेत गेली. एका पानाखाली दवाने भिजलेलं इवलंसं निळं पाखरू थरथरत होतं. तिने ते ओंजळीत घेतलं, हळूहळू फुंकर घालून वाळवलं. पाखरू कसलं, ती अंगठ्याएवढी परी होती! चंदेरी पंखांची, मोत्यासारख्या डोळ्यांची.

परी म्हणाली, “दर सणाला एक, अशा तीन इच्छा देईन. पण मिळालेलं सुख तुला आणखी काही हवंसं वाटेपर्यंतच टिकेल. आणि गेलेलं माणूस मला परत आणता येत नाही.”

जासिंताने घरभर खाऊ मागितला. टोपल्या भरून गरम तळलेल्या गोल फुग्या, खोबरं भरलेल्या खुसखुशीत नेवऱ्या, गुलाबी वड्या! तिघांनी पोटभर खाल्लं. तेवढ्यात शेजारच्या मुलीचा झालरीचा फ्रॉक दिसला, तो जासिंताला हवासा वाटला, आणि टोपल्या रिकाम्या झाल्या.

त्या गावात सणाच्या मिरवणुकीपुढे एक मुलगी पाकळ्या उधळत चाले. सगळ्यांत पुढे असते तीच देवाच्या सगळ्यांत जवळ, असं साऱ्या गावाला वाटे. म्हणून आंधळ्या-पांगळ्यांना मागे, कुंपणापाशी बसवत. कुणाला त्यात काही वाईटही वाटत नसे. दुसऱ्या वर्षी जासिंताने तीच जागा मागितली. दुधासारखा शुभ्र झगा, केसांत चांदण्या! कुंपणापाशी पास्कू आईला विचारत होता, ताई कशी दिसते. जासिंताने ऐकलं, पण थांबली नाही. लोकांनी आणखी बघावं असं तिला वाटलं, आणि भर रस्त्यात झगा विटका झाला. मुली हसल्या.

त्या पावसाळ्यात चार दिवसांच्या तापाने आई गेली.

तिसऱ्या सणाला परी आली तेव्हा जासिंता चर्चच्या बागेत पास्कूला जवळ घेऊन बसली होती.

“गेल्या सणाला आई होती,” ती म्हणाली. “तेव्हाच याचे डोळे मागितले असते तर याने तिला पाहिलं असतं. मला सुचलंच नाही गं.”

परीच्या पंखांची चमक मंद झाली. जासिंता पुढे म्हणाली, की मला उद्या काहीतरी हवंसं वाटेलच, म्हणून डोळ्यांची ही इच्छा पास्कूलाच दे. परीने बजावलं, मग नियमही त्यालाच लागेल.

पास्कूने डोळे उघडले. समोर निळा समुद्र होता, सोनेरी ऊन होतं. तो मात्र ताईकडेच बघत राहिला.

“आई अशीच दिसायची?”

“ती जास्त छान होती.”

“मग मला आईला बघायचंय. आणि तिला इतकी छान ज्याने केली, त्यालाही.”

जासिंताला परीचा नियम आठवला. याला आणखी काही हवंसं वाटलं! तिने घाबरत त्याच्या डोळ्यांत पाहिलं. ते टपोरे डोळे तिलाच बघत होते.

“हे आणखी काही नव्हे,” परी हळूच जासिंताला म्हणाली. “खाऊ मागितलास, मिरवणूक मागितलीस, तेव्हा तुलाही हेच, कधी न संपणारं, हवं होतं. तुला ते कळलं नाही. हे देणं माझ्या हातात नाही, बाळा. माझ्याजवळचं सगळं संपणारं आहे.”

आणि ती उजेड होऊन गेली. कळीकळीवर, पानापानावर क्षणभर लखलखाट झाला.

पास्कूने ताईचा हात ओढला. आईच्या भुवया कशा होत्या, हसताना गालावर खळी पडायची का, सांग म्हणाला. जासिंता आठवू लागली. आठवता आठवता तिच्या लक्षात आलं, की डोळे असून तिनेही आईकडे कधी नीट पाहिलं नव्हतं.