ठकूच्या बांबूच्या नळ्या

किड्यामुंग्यांना अजून बोलता येत होतं, तेव्हाची ही गोष्ट. किती जुनी ते विचारू नका, मलाही ठाऊक नाही.

एका गावात नदीवरून पाट काढलेला होता आणि पाटाच्या कडेकडेने भाजीचे मळे होते. पाटाच्या तोंडाशी तुळोजीचा मळा आणि पार शेपटाला ठकूचा. हिवाळ्यात कुणाची तक्रार नसे. पण चैत्र लागला की पाणी निम्म्या वाटेतच जिरायचं. मग ठकू नदीवरून घागरी वाहायची, आणि तरीही निम्मी वांगी डोळ्यांदेखत जळून जायची.

त्या गावाची एक रीत होती. माघात ग्रामदेवीचा उत्सव असे. त्या दिवशी प्रत्येक मळेकऱ्याने चवळीच्या शेंगा सूपभर आणून देवळात मांडायच्या. ज्याच्या सुपातल्या शेंगा सगळ्यांत निर्मळ, त्याच्या शेंगा नैवेद्याला, आणि त्याच्याच मळ्याला उन्हाळाभर पाण्याची पहिली पाळी. सात वर्षं हा मान तुळोजीकडे होता. पाणी त्याच्याकडे म्हणून शेंगा त्याच्या चांगल्या, आणि शेंगा चांगल्या म्हणून पुन्हा पाणी त्याच्याकडे. जगात असं फार चालतं.

"अहो, यंदा पहिली पाळी आपली!" ठकू नवऱ्याला म्हणाली.

"दरसालचं आहे तुझं हे," केरबा हसला.

"दरसाल पाचट कुठं घालत होते? यंदा घातलंय!"

खरंच घातलं होतं. ओल टिकावी म्हणून तिने उसाचं पाचट आणून रोपांच्या पार बुंध्यापर्यंत दाबून पसरलं होतं. चवळी अशी काही तरारून वर आली की ठकूचे पाय जमिनीवर ठरेनात. दिवसातून दहादा ती वाफ्यात जाऊन रोपं मोजायची.

आणि एके सकाळी बघते तर काय, पानांची नुसती चाळण! धाकटी रोपं तर बुडातूनच कुरतडलेली. तिने पाचट उचललं मात्र, तपकिरी, लांबट किडे सैरावैरा पळत सुटले. प्रत्येकाच्या मागच्या टोकाला लोहाराच्या सांडशीसारखा चिमटा.

"अगं बाई, चिमटेकिडे!" ठकू ओरडली.

त्या साली ते पाटावर सगळीकडेच झाले होते. हा किडा कानातून शिरतो तो थेट मेंदूत जातो, अशी गावाची पक्की समजूत. झालं! बायांनी कानांवरून पदर आवळून बांधले, बाप्यांनी मुंडाशी कानांखाली ओढली. कुणाचं कुणाला ऐकू येईना. मीठ मागितलं तर विळा मिळायचा, आणि नवराबायकोही बांधावरून एकमेकांना हाका मारल्यासारखं बोलायची.

तुळोजी आपल्या बांधावरूनच गरजला, "वहिनी! बांबूच्या पोकळ नळ्या करा! ओलं गवत कोंबा नि तिन्हीसांजेला वाफ्यात ठेवा! सकाळी सगळे आत दडलेले असतात. मग झाडा उकळत्या पाण्यात. म्या तर एक जित्ता ठेवला न्हाई!"

ठकूला हुरूप आला. तिने चाळीस नळ्या केल्या, ठेवल्या, आणि उजाडताच धावत जाऊन एक उचलून पाहिली. गच्च भरलेली! तिने बांधावर तीन दगडांची चूल मांडली, हंडा चढवला आणि नळी हातात घेऊन वाकली. जाळाची धग तोंडावर आली, घाम फुटला, म्हणून तिने कानांवरचा पदर सोडला.

"थांब गं बाई, जरा थांब!"

ठकूने इकडेतिकडे पाहिलं. मग नळीत पाहिलं. बाकीचे किडे आत आत सरकत होते, पण एक कीडमाय जागची हलली नव्हती. तिच्या पायांशी साबुदाण्याच्या कणीएवढी पांढरी अंडी होती आणि ती त्यांच्यावर आडवी उभी होती.

"थांबू? माझी चवळी खाल्लीत, आणि वर थांबू?" ठकू कडाडली. "उन्हाळाभर मी पाणी वाहायचं ते तुमच्यापायी?"

"खाल्ली. नाही कशाला म्हणू?" कीडमाय म्हणाली. "पण आम्हाला सावली नि ओल लागते. ती तू रोपांच्या गळ्याशी आणून रचलीस. घर तू दिलंस, आणि घरातच ताट वाढून ठेवलंस. आम्ही काय उपाशी निजायचं? तुझ्या बांधावरचा शेवगा माव्याच्या बारीक किडीने काळा पडलाय. मावा आम्हाला पानांहून गोड. तिथे नेऊन ठेव, आणि चार दिवसांनी बघ. नाहीच पटलं, तर हंडा तुझाच आहे."

ठकूने हात मागे घेतला. राग तर होताच. पण ती अंडी तिने पाहिली होती, आणि एकदा पाहिल्यावर पाण्यात टाकवेनात. पुटपुटतच तिने चाळीसच्या चाळीस नळ्या शेवग्याच्या फांद्यांना बांधल्या आणि पाचट रोपांपासून हातभर लांब ओढलं.

"किड्यांना झोपाळे बांधलेस होय?" केरबाने विचारलं.

"चार दिवस गप बसा," ठकू म्हणाली.

चौथ्या दिवशी तीच केरबाला हाताला धरून ओढत घेऊन गेली. शेवग्याचे चिकट, काळे शेंडे हिरवेगार झाले होते! इकडे चवळीला नवी पानं फुटली होती, एकालाही भोक नव्हतं. ठकूला तर नाचावंसं वाटलं, आणि ती थोडी नाचलीही.

पुढे वेल मांडवावर चढले, फुलं आली, आणि फुलांमागून मावा आला. तोंडापासून शेपटापर्यंत एकही मळा सुटला नाही. शेंड्यांवर काळे थर, शेंगा चिकट, त्यांवर मुंग्यांच्या रांगा. तुळोजीने राख उधळली, तंबाखूचं पाणी मारलं; मावा दोन दिवसांत पुन्हा हजर. त्याला खाणारं त्याच्याच काय, ठकूखेरीज कुणाच्याच मळ्यात उरलं नव्हतं; सगळ्यांनीच किडे उकळून मारले होते.

ठकूने शेवग्यावरच्या नळ्या सोडल्या आणि मांडवाला बांधल्या. वेल आता जून झाले होते, किड्यांना त्यांच्यात गोडी नव्हती. त्यांनी मावा धरला. रोज सकाळी ठकू मांडवाखाली जायची, आणि रोज एकेक वेल धुऊन काढल्यासारखा दिसायचा.

उत्सवाच्या दिवशी देवळात सुपं मांडली गेली. पंच एकेका सुपापाशी थांबत, शेंग उचलत, आणि बोटं धोतराला पुसत. तुळोजीचं सूपही तसंच. सगळ्यांत शेवटी ठकूचं आलं. पंचांनी एक शेंग उचलली, दुसरी उचलली, मग ओंजळभर उचलल्या. बोटं कोरडी ती कोरडीच.

"नैवेद्य ठकूच्या मळ्याचा!"

कसला कल्लोळ उठला म्हणून सांगू! केरबा तर भर देवळात बायकोचं नाव घेऊन ओरडला, आणि मग लाजून खांबाआड गेला.

चैत्रात पाटाचं पाणी प्रथमच थेट शेपटापर्यंत आलं. ठकूच्या वाफ्यांत ते खळखळत शिरलं, तेव्हा ती त्यात घोट्यापर्यंत उभी राहून रडली. आनंदाने रडली, दुसरं काही नाही.

तेवढ्यात बांधावर तुळोजी आला. बराच वेळ घुटमळला.

"वहिनी," तो शेवटी म्हणाला, "त्या नळ्या… भरलेल्या… पाचेक मिळतील का?"

ठकूने डोळे पुसले आणि दहा नळ्या काढून त्याच्या हातात दिल्या.

बोध : जो आपल्याला नडतो, त्याला संपवण्याआधी योग्य जागी काम देऊन पाहावं.