मासा कोणी खाल्ला

सकाळचे सात. वैनगंगेकाठचा मठ, मागचा ओटा. नऊ वाजता हेमराज बोरकुटेची दीक्षा.

"मग जुना माणूस उरतोच कुठे, बाबा?"

मठाचे डोमाबाबा खाली बघत होते. त्यांच्यापुढे टोपली होती. टोपलीत रात्री अंडी घालून थकलेली टसर रेशमाच्या पाखराची मादी, पंख पसरून बसलेली.

हेमराजने पुन्हा समजावलं. प्राणिशास्त्र शिकवण्यात त्याची उमेदीची वर्षं गेली होती, समजावण्याची सवय सुटत नव्हती. कोशात गेलेली अळी बहुतेक सगळी विरघळते. अंड्यापासून निजलेले पेशींचे काही पुंजके जागे होतात, त्यांतून पंख, डोळे. दिवसभर पानं कुरतडणाऱ्या अळीचं असं पाखरू होतं की जे काही खातसुद्धा नाही. दीक्षा तरी वेगळी काय? नाव जातं, केस जातात, घर जातं. मग मागचं उकरायचं कशाला?

मागचं काय, ते दोघांनाही ठाऊक होतं.

नदीपलीकडच्या येनटोल्यातली मासेमार कुटुंबं मठाकडून अंडी नेत आणि ऐनाच्या झाडांवर अळ्या वाढवत. हंगामभर मासा खायचा नाही, केस कापायचे नाहीत, असं त्यांचं कडक पथ्य. इकडे मठात बाबा प्रत्येक मादी अंडी घातल्यावर खलात वाटत आणि एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली बघत. रोग दिसला, की तिची अंडी चुलीत.

हेमराज आला आणि त्याने खल बंद केला. मठात हत्या? तो पंख बघून मादी निरोगी ठरवू लागला. बाबांनी एकदा नको म्हटलं. मग विश्वस्तांनी हेमराजला हार घातला. वर्तमानपत्रांनी फोटो छापले. खल मुळात होता कशासाठी, हे एका बातमीदाराला विचारावंसं वाटलं नाही.

त्याच हंगामात येनटोल्याच्या अळ्यांवर मिरपूड सांडावी तसे काळे ठिपके आले. अळ्या फांद्यांना लोंबकळून मेल्या. माणसं वीटभट्टीवर गेली.

"पंख कसे करायचे, हे त्या पुंजक्यांना सांगतं कोण?" बाबांनी विचारलं.

"जनुकं."

"पाखराची?"

"पाखराची वेगळी नसतात, बाबा." हेमराज हसला. पहिल्या वर्षाची पोरंही हेच विचारत. "अंड्यात होती तीच. अळीत काही जागी असतात, पाखरात दुसरी."

"अन् अळी मोठी होते तेव्हा?"

"ती नुसती वाढ. खाते, कात टाकते, पुन्हा खाते. जनुकं तीच."

"मग विरघळलं काय?"

"शरीर."

"अन् उरलं काय?"



हा प्रश्न हेमराजने वर्गात कितीदा सोडवला होता. आता टोकच सापडेना. सगळं तेच असेल, तर विरघळणं कसलं? सगळं नवं असेल, तर अळीचा रोग पाखरातून अंड्यात उतरतो कसा? आणि तो उतरतो, हेही त्यानेच शिकवलेलं.

बाबा उठले. आतून भगवी छाटी आणली, त्याच्या मांडीवर ठेवली. छाटीवर खल ठेवला. मग टोपली त्याच्याकडे सरकवली.

हेमराजला काही कळेना. हिला वाटू, की दीक्षा घेऊ? अहिंसेचं व्रत आज मोडायचं, की आजपासून पाळायचं? त्याने विचारून पाहिलं. बाबा मादीकडे बघत होते.

"हिच्यात रोग आहे का रे?"

"बघितल्याशिवाय सांगता येणार नाही."

"पंख तर बरे दिसतात."

"पंखांवरून..." तो थांबला. "पंखांवरून नाही कळत."

पलीकडे मंडपात सनई जुळवणं चाललं होतं.

"चूक झाली असेल तर ती हेमराजची झाली, बाबा," तो घाईने म्हणाला. "नऊनंतर हेमराज नसेल."

बाबांनी मादीला बोटावर घेतलं. ती फडफडली नाही.

"येनटोल्यात बुधा मारबते म्हणून म्हातारा आहे. त्याने मासा खाल्ला म्हणून अळ्या मेल्या, असं ठरवून गावाने त्याला वाळीत टाकलंय... अजून त्याच्याशी कोणी बोलत नाही."