पुढचा फटका भाऊसाहेबांचा

एकदा एका गावच्या जिमखान्यात सारंग नावाचा एक तरुण स्नूकर शिकायला आला. शिकवणारे भाऊसाहेब वयोवृद्ध. एके काळी त्या हिरव्या टेबलावर त्यांचा दबदबा होता. आता एक गुडघा आखडला होता आणि बोलणेही मोजकेच उरले होते.

सारंगच्या हातात कसब होते. पांढऱ्या चेंडूने रंगीत चेंडू असा पॉकेटमध्ये धाडी, की बघणाऱ्यांच्या हातातला चहा गार व्हावा. पण या खेळात एक गोम आहे. चेंडू पडला की पुढचा फटका आपलाच, आणि तो पांढरा चेंडू जिथे थांबेल तिथूनच मारायचा. सारंगचा पांढरा चेंडू नेमका अडचणीत जाऊन बसे, पुढचा फटका हुके आणि डाव प्रतिस्पर्ध्याच्या हाती जाई. आंतर-जिमखाना स्पर्धेची निवड या एका खोडीपायी हुकत आली होती. यंदा नाही जमले, तर पुढच्या वर्षी वयाची अट आडवी येणार होती. भाऊसाहेब सांगून थकले, पण पालथ्या घड्यावर पाणी.

एके दिवशी ते म्हणाले, "आजपासून आपण जोडीने खेळू. एक फटका तुझा, पुढचा माझा."

सारंग खट्टू झाला. निवड तोंडावर आलेली, आणि निम्मे फटके म्हातारबुवाच खाणार. पण गुरूला नाही कसे म्हणायचे?

पहिल्याच फटक्यात त्याने लाल चेंडू झोकात पाडला. पांढरा मात्र घरंगळत टेबलाच्या पार पलीकडे गेला. भाऊसाहेब वळसा घालून तिथे गेले, लांब टेकूची काठी घेतली आणि कसेबसे वाकले. त्यांच्या चेहऱ्यावर कळ उमटली. फटका हुकला. पुन्हा तेच झाले, आणि पुन्हा तेच.

"सर, राहू द्या ना, मी मारतो तुमचा फटका," सारंग ओशाळून म्हणाला.

"तुझा तू मारलास. आता माझ्या वाट्याला जे आलंय, ते मलाच मारलं पाहिजे," एवढेच बोलून भाऊसाहेब पुन्हा वाकले.

त्या दिवशी सारंगला जेवण गोड लागले नाही. दुसऱ्या दिवसापासून फटका मारण्याआधी तो बघू लागला, की भाऊसाहेबांना उभे कुठे राहावे लागेल. त्यांना फार वाकावे लागू नये म्हणून हात हलका ठेवू लागला. डोळे दिपवणारे फटके त्याने आपणहून सोडून दिले. हळूहळू भाऊसाहेबांचे फटके साधू लागले, आणि त्याला स्वतःचा चेंडू पडल्यापेक्षा त्याचाच आनंद अधिक होऊ लागला.

निवडीच्या दिवशी तो एकटा खेळायला उतरला. पण सवय कुठे जाते? प्रत्येक फटक्याला तो भाऊसाहेबांची सोय बघत राहिला. त्यांच्यासाठी राखलेल्या जागी आता त्यालाच उभे राहायचे होते, आणि पुढचा चेंडू हाताशी होता. प्रतिस्पर्धी बराच वेळ खुर्चीतच बसून राहिला. सारंगची निवड झाली.

त्याने भाऊसाहेबांचे पाय धरले. "सर, मी तर सगळा डाव तुमच्यासाठी खेळलो. तो मला सोपा कसा गेला?"

भाऊसाहेब म्हणाले, "पुढचा फटका तुझाच आहे, हे सांगून तुला पटत नव्हतं. माणूस स्वतःला फार सवलत देतो रे. पुढचं पुढे बघू, म्हणतो. दुसऱ्याला आपल्यापायी त्रास झालेला दिसला, की मग त्याचा हात आवरतो. तुझ्यात तेवढी कणव आहे, हे मला माहीत होतं."

सारंगने विचारले, "म्हणजे ती कळ... खरी होती?"

"खरी होती. खोट्या कळेनं तू शिकला असतास का?"

सारंगचे डोळे भरून आले. त्याने खुर्ची ओढून भाऊसाहेबांना बसवले, स्वतः जमिनीवर बसला आणि त्यांचा गुडघा हलक्या हाताने चेपू लागला. बाहेर मंडळी त्याच्या सत्काराला खोळंबली होती. त्याने त्यांना थांबू दिले.

आपलाही एखादा फटका सोपा गेला, तर तो सोपा व्हावा म्हणून कुणाला कळ सोसावी लागली, एवढे विचारून बघावे.