योकास्ता आत गेली

"मग त्या राणीला कळलं कधी?" बुवांनी विचारलं.

"सगळ्यांच्या आधी," प्राध्यापक रेडकर म्हणाले. "राजा अजून साक्षीदार तपासतोय, आणि हिला उमगलेलंसुद्धा."

"काय?"

"की आपला हा नवरा म्हणजे आपणच डोंगरावर टाकायला दिलेलं पोर."

टेकडीवरच्या त्या मठात अशा बातम्या फारशा येत नसत.

"नाव काय म्हणालात तिचं?"

"योकास्ता. ग्रीक राणी."

या योकास्तेवर रेडकर बावीस वर्षं शिकवत होते. तिच्यावर त्यांनी एक जाड प्रबंधही लिहिला होता. तो दोघांनी वाचला. त्यातले एक परीक्षक, दुसरे स्वतः रेडकर.

मठात मात्र ते वेगळ्याच कामाला आले होते.

छप्पन्न वर्षांपूर्वी कोणीतरी त्यांना अनाथाश्रमाच्या पाळण्यात ठेवून गेलं होतं. निवृत्ती जवळ आल्यावर त्यांनी आश्रमाची जुनी कपाटं उघडायला लावली. एक पिवळी चिठ्ठी निघाली. तिच्यावर आईचं नाव होतं, द्वारका. खाली या मठाचं नाव. बाकी काही नाही.

तीन दिवस रेडकर रोज सकाळी विचारत, "द्वारका कोण?" तीन दिवस बुवा रोज सकाळी विचारत, "झोप लागली का, मास्तर?"

आपण मास्तर नसून प्राध्यापक आहोत, हे रेडकरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. बुवांनी ते शांतपणे ऐकून घेतलं होतं.

"आणि राजाला ती काय म्हणाली?"

प्रश्न मागून आला होता. अंगणाच्या कडेला मठातली मावशी पाठ करून तांदूळ निवडत बसली होती. तीन दिवस तिनं दोन्ही वेळ गरम भाकरी वाढली होती, पण समोर कधी बसली नव्हती. रेडकरांनी त्याला खेडवळ संकोच असं नाव दिलं होतं. नावं द्यायची त्यांना सवय होती.

"विचारू नकोस, म्हणाली," रेडकर खुशीत आले. वर्गातसुद्धा कोणी असं आपणहून विचारत नसे. "चौकशी थांबव, तुझ्या जिवाला जपायचं असेल तर. हात जोडले तिनं."

"बरोबरच की," मावशी म्हणाली.

"घ्या. तुम्हीपण राणीच्याच पक्षात." रेडकर हसले. "अहो, भित्री बाई ती. सत्य समोर आलं की तोंड फिरवणारी. मी प्रबंधात तसं स्पष्ट लिहिलंय."

मावशीनं सुपातला एक खडा वेचला आणि लांब टाकला.

"पुढं?" बुवा म्हणाले.

"पुढं काय, राजा ऐकत नाही. मग ती काही न बोलता आत जाते."

"आणि राजा? मागोमाग?"

"छे. तो तिथंच उभा. त्याला वाटतं, आपण हलक्या कुळातले निघू म्हणून बाईसाहेबांना लाज वाटली. मी कोण, मी कोण, हेच चाललेलं असतं त्याचं. फार सुंदर भाषण आहे. मी पोरांकडून पाठ करून घेतो."

"आणि ती?"

"आत स्वतःच्याच वस्त्राचा फास घेते. राजा दार फोडतो तेव्हा उशीर झालेला असतो."

सुपाचा आवाज थांबला होता.

बुवांनी तिकडं पाहिलं. मग रेडकरांकडं. "मास्तर, भाकरी खाऊन घ्या. मग बोलू."

"नाही बुवा." रेडकरांनी खिशातून ती चिठ्ठी काढली. "आज सांगितल्याशिवाय उठणार नाही. ही द्वारका कोण? जिवंत आहे का?"

"कशाला हवी?"

"समोर उभी करून एकच प्रश्न विचारायचाय."

"कोणता?"

"मला टाकल्यावर तुला झोप कशी लागली?"

रेडकरांनी चिठ्ठीची घडी घातली.

"आई म्हणणार नाही मी तिला. तो शब्द तिच्यासाठी नाही. फक्त चारचौघांत उत्तर हवंय."

"विचारू नका, मास्तर."

"का?"

"मी एकीला शब्द दिलाय."

"म्हणजे आहे ती. जवळच आहे." रेडकरांचा आवाज चढला. "कुठं आहे?"

मावशी उठली. सूप खाली ठेवताना कलंडलं आणि तांदूळ मातीत सांडले. ती ते गोळा करायला वाकली नाही.

"भाकरी झाकून ठेवलीय," ती म्हणाली. "उपाशी राहू नकोस."

जाताना तिनं दोरीवर वाळत घातलेलं लुगडं ओढून घेतलं. ती आत गेली. दार लागलं.

मग कडी लावल्याचा आवाज आला.

रेडकर सांडलेल्या तांदळाकडं पाहत राहिले. बावीस वर्षं जे त्यांनी फळ्यासमोर करून दाखवलं होतं, ते आता त्यांच्यासमोर झालं होतं. करणारीनं त्यांचा प्रबंध वाचला नव्हता.

"बुवा..." रेडकर वळले. "मावशींचं... नाव काय?"

बुवांचे गुडघे दोन वर्षांपूर्वीच कामातून गेले होते. त्यांना उठवायला दोन माणसं लागत, आणि मठात रेडकरांखेरीज दुसरं कोणी नव्हतं. तरी त्यांनी दोन्ही तळवे जमिनीवर टेकले आणि अंग उचलायचा प्रयत्न केला. जमलं नाही.

"तीन दिवस," रेडकर म्हणाले. "तीन दिवस मी तिच्या हातचं जेवलो. तुम्हाला माहीत होतं. तिनंही ओळखलं होतं? पहिल्याच दिवशी? मग बोलली का नाही? आणि मी तिच्यासमोर ते सगळं... बुवा, मी विचारतोय तुम्हाला. ती द्वारकाच ना? एवढं तरी..."

बुवांचा हात पुन्हा जमिनीवर आपटला.

"मास्तर," ते म्हणाले, "ती आत गेल्यावर तुमचा राजा किती वेळ बोलत उभा होता?"