पाणवठ्याचा पहारा

त्या रानात पाणी एकाच ठिकाणी होतं आणि पिणारे नाना जातींचे होते. कुणी पाला खाणारं, कुणी दाणे टिपणारं, कुणी चिखलात लोळणारं. एकमेकांच्या रीती त्यांना पटत नसत. वानरं फार कालवा करतात, असं चितळं म्हणायची. चितळांना नुसतं दचकता येतं, असं वानरं म्हणायची. पण पाण्यावर बिबट्याही यायचा, म्हणून एक वहिवाट पडली होती. ज्याला तो दिसेल त्यानं आपल्या तऱ्हेनं ओरडायचं, आणि ज्याच्या कानावर पडेल त्यानं पळायचं. कोण ओरडलं हे कुणी विचारत नसे. पळताना विचारायला वेळ कुठं असतो?

एका रखरखीत दुपारी पाण्याकाठच्या जांभळावरून वानरांचा हुप्प्या ओरडला. सगळे तहानलेलेच पळाले. बिबट्या काही आला नाही.

“कुठंय बिबट्या?” चितळांच्या पुढाऱ्यानं विचारलं. त्याचं एक शिंग वाकडं होतं, म्हणून त्याला वाकडशिंग्या म्हणत.

“अरे, हा ओरडला म्हणून तो परत गेला,” काठावरची म्हातारी टिटवी म्हणाली. “परत गेलेला दिसणार कसा?”

“तू गप. तू तर रिकाम्या आभाळालाही ओरडतेस.”

“ओरडते बाबा. अजून जिता आहेस ना?”

चार चितळं हसली, तिथंच वाकडशिंग्याला राग आला. त्यानं कळप जमवला. खाली पडलेली जांभळं वानरांना एकट्यांना हवी होती म्हणून हुप्प्या खोटंच ओरडला, असं त्या बैठकीत ठरलं. कुणी पाहिलं नव्हतं, पण ठरलं. मग असंही ठरलं, की यापुढं चितळानं चितळाच्याच हाकेवर पळायचं, आणि परक्याच्या हाकेवर जो पळेल त्याला कळपात जागा नाही. बारा धडधाकट नर पहाऱ्यावर उभे केले. तोंडं जांभळाकडं, कारण खोटी हाक तिकडूनच उठते.

वानरांना हे झोंबलं. त्यांनी खालच्या फांद्यांवर सहा जण बसवले, चितळांवर डोळा ठेवायला. मग मोर तरी कशाला मागं राहतात? ते दोघांवरही नजर ठेवू लागले.

टिटवी आधी चितळांकडं गेली. “बाबांनो, गवताकडं कोण बघतंय?”

“ते काम आमच्याकडं नाही.”

वानरांनी तेच सांगितलं, मोरांनीही तेच. डोकं धरून बसावं, तर बिचारीला हातही नव्हते.

शेवटी ती एका चितळणीपाशी आली. तिचं पाडस आठ दिवसांचं होतं, पाय अजून लटपटत होते.

“बाई, निदान तू तरी आम्ही ओरडलो की पळ.”

“पळाले असते, मावशी,” चितळीण हळूच म्हणाली. “पण मग कळपाबाहेर काढतील. याला घेऊन एकटी कुठं राहू?”

टिटवी काठावर आपल्या जागी परत गेली.

दुसऱ्या दिवशी ऊन कलताना बिबट्या गवतात शिरला. शेंड्यावरच्या एका म्हाताऱ्या वानराला तो दिसला. राग विसरून ते ओरडलं. पाठोपाठ टिटवी ओरडली.

“झालं यांचं सुरू,” एक पहारेकरी म्हणाला, आणि त्यानं जांभळाकडं आणखी डोळे वटारले.

बिबट्या मात्र जुन्या सवयीनं थबकला. आपण दिसलो, आता काही मिळायचं नाही, म्हणून परत फिरलासुद्धा. चार पावलं गेल्यावर त्यानं सहज मागं वळून पाहिलं.

पाण्यावर एवढंसं पाडस तेवढं कान टवकारून, पुढचा पाय उचलून उभं होतं. त्याच्या आईनं आपली मान त्याच्या मानेवर टेकवली आणि त्याचं तोंड हळूच पुन्हा पाण्याला लावलं.

“पी, बाळा. आपलं कुणी ओरडलेलं नाही.”

बिबट्यानं क्षणभर विचार केला. मग तो गवतातून बाहेर आला, अंगाला चिकटलेली कुसळं झटकली, आणि दबून न चालता, मधल्या मोकळ्या वाटेनं सावकाश पाण्याकडं निघाला.